कुंडीतला वाफसा

वाचकाचे पत्र:

‘गेल्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले आणि बागेचा नाद लागला. आमच्या फ्लॅटला पश्चिमेकडे दहा फूट बाय चार फुटांची गॅलरी आहे, शिवाय सोसायटीने गच्चीचा एक कोपरा वापरायला दिला आहे. निफाडला भावाचे शेत आहे, तिथली काळी कसदार माती पोत्यांनी आणली. जूनमध्ये रोपवाटिकेतून अकरा रोपे आणली आणि सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घातले. आज त्यांतली अळू, पुदिना, कर्दळ आणि गवती चहा एवढी चारच उरली आहेत. गुलाब, शेवंती, तुळस, कोरफड सगळे गेले. माझ्या हाताला गुण नाही, असे घरातले म्हणतात, ते खरे का? मोबाइलवर केळीच्या सालींचे पाणी, अंड्यांची टरफले, चहाचा चोथा असे रोज नवे उपाय दिसतात. त्यांतले खरे कोणते? दिवाळीच्या सुट्टीत नातू येणार आहे, त्याला बरोबर घेऊन घरच्या घरी करता येईल असे काही सुचवाल का? गच्चीवर भार होतो आणि पाणी झिरपते, अशी आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांची तक्रार आहे, त्यात तथ्य आहे का? ता. क. कढीपत्ता पार वाळला आहे, उपटून टाकू का?’

एक निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक

बाई, सप्रेम नमस्कार.

आपण शाळेत शिकवत होता, तेव्हा आपल्याला मॅडम म्हणण्यापेक्षा बाई म्हणणेच मला सोपे वाटते. आपल्या पत्रात प्रश्न पाच आहेत, पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपणच नकळत लिहून पाठवले आहे. जगलेल्या चार झाडांची नावे पुन्हा एकदा वाचून पाहा. अळू आणि कर्दळ ही आपल्याकडे पूर्वी मोरीच्या पाण्यावर वाढणारी झाडे. पुदिना ओलीला सोकावलेला आणि गवती चहा कशालाच दाद न देणारा. गेलेल्यांपैकी कोरफड तर अशी आहे की ती महिनाभर विसरली तरी तक्रार करत नाही. जी झाडे चिखलात राहू शकतात ती राहिली आणि ज्यांच्या मुळांना हवा लागते ती गेली, एवढा सरळ हिशेब आहे. त्यामुळे हाताच्या गुणाचा विषय आपण घरात निःसंकोच बंद करावा.

निफाडची काळी माती कसदार आहे यात शंका नाही, पण तिचा कस शेतातला आहे. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात भावाच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण पाहिल्या असतील. शेतात त्या भेगा उपकारक ठरतात, कारण वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, खालपर्यंत हवा जाते आणि जमीन जणू स्वतःच स्वतःला नांगरते. दहा इंचांच्या कुंडीत यातले काहीच घडत नाही. तिथे ती माती दोनच अवस्थांत असते. पावसाळ्यात आणि दिवसातून दोनदा पाणी मिळत असताना तिचा गच्च गोळा होतो, तळाचे भोक लिंपले जाते आणि मुळे गुदमरून कुजतात. नंतर चार दिवस ऊन पडले की तोच गोळा आकसतो आणि कुंडीच्या कडेपासून सुटतो. आपण एखादी रिकामी पडलेली कुंडी उन्हात नीट पाहा. माती आणि कुंडी यांच्यामध्ये बोट जाईल एवढी गोल फट दिसेल. वरून तांब्याभर पाणी घातले की ते त्या फटीतून सरळ खाली उतरते आणि भोकातून बाहेर येते. पाणी बाहेर आले म्हणून आपल्याला वाटते की झाडाला भरपूर मिळाले, आणि मधला मुळांचा गड्डा मात्र कोरडा ठणठणीत राहिलेला असतो.

दुसरी फसगत पानांवरून होते. मुळे कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही आणि पाने मान टाकतात. ओल्या मातीतले सुकलेले झाड आणि कोरड्या मातीतले सुकलेले झाड लांबून अगदी सारखे दिसते. आपण माती न पाहता पाने पाहिली असणार आणि आणखी पाणी घातले असणार. मीही काही वर्षे हेच केले आहे.

आपल्या भावाला ‘वाफसा’ हा शब्द विचारा, ते दोन वाक्यांत सगळे सांगतील. पाऊस पडून गेला किंवा पाटाचे पाणी दिले, तरी जाणता शेतकरी लगेच पेरणीला किंवा कुळवणीला रानात उतरत नाही. तो वाफसा येण्याची वाट पाहतो. जादा पाणी निथळून गेले आहे, कणाकणाला ओल चिकटून आहे आणि कणांच्या मधल्या पोकळीत हवा खेळते आहे, अशी जी मातीची अवस्था असते तिला वाफसा म्हणतात. झाडाला पाणी नको, वाफसा पाहिजे, असे शेतकरी म्हणतात, त्यात काहीही अतिशयोक्ती नाही. या एका शब्दासाठी इंग्रजी व्हिडिओंत पाच-सहा वाक्ये खर्ची पडतात. आपल्याला तो आयता मिळाला आहे आणि आपण तो फक्त शेतापुरता ठेवला आहे.

वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही. कुंडीत दोन पेरे बोट घालून तिथली चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर माती काढा आणि मुठीत दाबा. बोटांतून पाणी आले किंवा माती तळहाताला चिकटून राहिली, तर ती ओली आहे. तिला हात लावू नका. गोळाच झाला नाही आणि माती सुटी राहिली, तर ती कोरडी आहे, पाणी द्या. गोळा झाला आणि अंगठ्याने टिचकी मारताच फुटला, तर तो वाफसा. पहिले पंधरा दिवस प्रत्येक कुंडीशी हा खेळ करावा लागेल, त्यानंतर कुंडी नुसती कलती करून तिच्या वजनावरून आपल्याला कळू लागेल. तोपर्यंत सकाळ-संध्याकाळचा नेम मोडावा लागेल आणि शिस्तीत आयुष्य गेलेल्या माणसाला तो मोडणे जड जाते, हे मला ठाऊक आहे.

आता माती सुधारण्याचे काम. ती पोती टाकून देऊ नका. एक घमेले काळी माती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक घमेले कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, यांत दोन मुठी निंबोळी पेंड घालून मिश्रण करा. कोकोपीट मिळाले नाही तर भाताचे तूस चालते. आपल्याकडे इगतपुरी-घोटी हा भाताचा पट्टा जवळच असल्याने गिरणीतून ते सहज मिळते. पुष्कळ जण काळ्या मातीत थोडी वाळू घालायला सांगतात, पण चिकणमातीत थोडीशी वाळू घालून माती मोकळी होत नाही, उलट विटेसारखी घट्ट होते. मोकळेपणा कुजलेल्या खतामुळेच येतो. ढेकळे फोडायची तीही वाफशावर. ओली असताना फोडायला गेलात तर त्यांच्या गोट्या होतील आणि त्या गोट्या वर्षभर तशाच राहतील.

कोकोपीटची वीट हे नातवाचे पहिले काम समजा. पाच किलोची वीट पाण्यात फुगून साठ लिटरच्या वर जाते, म्हणून सगळी एकदम भिजवू नये. एक तुकडा तोडून मोठ्या बादलीत टाकावा आणि त्याला पाणी ओतू द्यावे. मुलांना ती वाढताना पाहायला फार आवडते. नारळाच्या सोडणात मीठ असते, त्यामुळे भिजलेले कोकोपीट दोनदा स्वच्छ पाण्यात खळबळून पिळून घ्यावे आणि मगच मातीत मिसळावे.

शेणखताबद्दल मात्र एक अनुभव सांगितलाच पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्या माणसाकडून दोन पोती शेणखत घेतले. ते वरून काळे दिसत होते, पण आत कच्चे होते. दीड महिन्यात माझी शेवंती एकामागून एक कोलमडू लागली आणि एक रोप हाताने सहज उपटून आले, तेव्हा त्याला खाली मुळेच नव्हती. कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली तर आतून अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या, जाड पांढऱ्या सात अळ्या निघाल्या. ती हुमणी होती, मुळे खाणारी अळी. तेव्हापासून मी खत हातात घेऊन चोळते आणि हुंगते. पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास आला तर ठेवते, गोठ्याचा वास आला तर परत पाठवते.

कुंडीच्या तळाला खडीचा जाड थर घालण्याची पद्धतही मी सोडली आहे. वरच्या बारीक मातीतले पाणी खालच्या खडीत सहजासहजी उतरत नाही, ते सीमेवरच अडून राहते, आणि कुंडीतली तीन इंच जागा फुकट जाते. भोकावर एक खापर पालथे ठेवले की पुरते.

नातवाबरोबर करायच्या गोष्टींत मी सर्वांत वर बोळकी ठेवीन. संक्रांतीला आणलेली सुगडी माळ्यावर कुठेतरी गुंडाळून ठेवलेली असतील, ती खाली काढा. कुंभाराच्या कच्च्या रंगाची, बाहेरून तैलरंग किंवा चकाकी नसलेली बोळकी हवीत. नुसती हळदीकुंकवाची बोटे असतील तर ती धुवून घ्या. प्रत्येक बोळके पाण्याने भरून तासभर फरशीवर ठेवा. बाहेरून ते ओलसर, गडद झाले आणि खाली ओलीची गोल खूण उमटली, तर त्याची भोके मोकळी आहेत. एखादे तासाभरानेही कोरडेच राहिले तर ते बाजूला ठेवा. मग दहा-बारा इंचांच्या कुंडीत मिश्रण अर्ध्यापर्यंत भरून मधोमध बोळके ठेवा, त्याच्या गळ्यापर्यंत माती भरा, तोंड अंगुळभर वर राहू द्या, आजूबाजूला रोपे लावा, बोळके पाण्याने भरा आणि त्यावर दिवाळीतली एक पणती झाकणासारखी उपडी ठेवा. झाकण हवेच, कारण उघड्या पाण्यात डास अंडी घालतात.

यातली गंमत अशी की बोळके स्वतःच माणसापेक्षा चांगला हिशेब ठेवते. आजूबाजूची माती कोरडी असली की ती बोळक्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेते आणि ओली असली की ओढणे मंदावते. म्हणजे वाफसा सांभाळण्याचे काम भाजलेल्या मातीवर सोपवून आपण मोकळे. ही युक्ती नवी नाही, दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात तिचे वर्णन आहे. ऑक्टोबरच्या उन्हात बोळके दोन-तीन दिवसांनी भरावे लागते, थंडीत त्याहून कमी वेळा. नातवाला एक वही द्या आणि कोणते बोळके कधी रिकामे झाले ते लिहायला सांगा. पश्चिमेच्या कठड्याजवळची कुंडी आणि भिंतीलगतची कुंडी यांतला फरक त्याला आठवडाभरात स्वतःच कळेल. बोअरच्या पाण्याने काही महिन्यांत बोळक्यावर पांढरे क्षार चढतात आणि झिरपणे थांबते, तेव्हा ते काढून नारळाच्या काथ्याने घासावे.

दुसरे काम भाजीच्या क्रेटचे. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो ज्यांत भरतात ते प्लास्टिकचे क्रेट आपल्या जिल्ह्यात कुठेही जुने मिळतात. पावणेदोन फूट लांब, सव्वा फूट रुंद असा हा क्रेट म्हणजे तयार वाफाच आहे. आतून जुने गोणपाट किंवा हिरव्या शेडनेटचा तुकडा लावून घ्या आणि आठ इंचांपर्यंत तेच मिश्रण भरा. त्यात मेथी आणि कोथिंबीर लावा. मेथीसाठी स्वयंपाकघरातल्या डब्यातले मेथीदाणे चालतात. रात्रभर भिजवा, सकाळी क्रेटभर विखरा, वर बोटाच्या पेराएवढी माती चाळून घाला आणि झारीने हलके पाणी द्या. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात आणि महिन्याच्या आत एक जुडी भाजी होते. एक जुडी म्हणजे एका वेळेची भाजी, त्यापेक्षा मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. सलग हवी असेल तर दर आठवड्याला नवा क्रेट पेरावा, तीन-चार क्रेट आळीपाळीने पुरतात.

कोथिंबिरीत बहुतेकांची निराशा होते ती धन्यामुळे. ज्याला आपण एक धना म्हणतो तो दोन दाण्यांची जोडी असतो. तो आख्खा पेरला तर उगवायला वेळ लागतो आणि विरळ उगवतो. धने पाटावर पसरून लाटण्याने हलकेच रगडा, पीठ होऊ देऊ नका, नुसती दोन फाके व्हायला हवीत. मग रात्रभर भिजवून पेरा आणि आठ-दहा दिवस धीर धरा. किराणा दुकानातले धने कधी कधी उगवतच नाहीत. म्हणून आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. सहा-सात दाण्यांना तरी मोड आले तर ते पेरण्यासारखे आहेत.

ही पेरणी दिवाळीच्या सुट्टीतच उरका, लांबवू नका. पुढे नाशिकची थंडी बियांना मानवत नाही. निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांखाली जातो आणि बागाईतदार द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, हे आपल्याला भावाकडून माहीतच असेल. त्या दिवसांत उगवण मंदावते, तुळस झडते आणि मोगरा झोपी जातो. तेव्हा पाणी सकाळी उन्हे आल्यावर द्यावे; संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर पानांवर राहते आणि बुरशीच्या रोगांना आमंत्रण मिळते. आपल्या पश्चिमेच्या गॅलरीला थंडीत दुपारनंतरचे ऊन मिळते, ते मेथी, पालक आणि एखाद्या टोमॅटोला पुरेसे आहे. मार्चनंतर मात्र तेच ऊन पाने भाजते, तेव्हा पन्नास टक्के सावलीचे शेडनेट बांधावे लागेल.

खताच्या बादलीविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण हे काम नातू गेल्यावरही आपल्यालाच करायचे आहे. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली धुवून घ्या आणि तापवलेल्या सळईने तिला चहूबाजूंनी व तळाला भोके पाडा. हे काम आपण करा, नातवाला लांब ठेवा. तळाला सुक्या पाचोळ्याचा थर, त्यावर भाजीचे देठ-साली बारीक चिरून, आणि प्रत्येक ओंजळ ओल्या कचऱ्यावर दोन ओंजळी पाचोळा. देवाची फुलेही यातच जाऊ द्या, फक्त हारातले दोरे काढून. सुरुवातीला एक मूठ जुने खत किंवा वाटीभर आंबट ताक घातले की कुजणे लवकर सुरू होते. आठवड्यातून दोनदा खाली-वर करा. वास आला तर समजा की ओल जास्त झाली आहे, पाचोळा वाढवा. काहीच घडत नसेल तर पाण्याचा हबका मारा. मूठ दाबून पाहण्याची परीक्षा इथेही तीच. शिजलेले तेलकट अन्न, दूध आणि मांसमासळी यात घालू नये. साधारण तीन महिन्यांत काळे, सुटे, मातीच्या वासाचे खत हाती येते, तोवर दुसरी बादली सुरू झालेली असावी. पाचोळ्याची चणचण पावसाळ्यात भासते, म्हणून जानेवारीपासून सोसायटीच्या आवारात जो पाचोळा झाडून पेटवला जातो तो चार पोती भरून ठेवा.

मोबाइलवरच्या उपायांपैकी बहुतेक गोष्टी या बादलीत टाकण्याच्याच लायकीच्या आहेत, आणि हे मी चांगल्या अर्थाने म्हणते. केळीची साल तिथे कुजली की तिच्यातले पालाश (पोटॅश) झाडाला मिळते. पाण्यात बुडवून ठेवली तर थोडेफार उतरते, पण चिलटे फार होतात. चहाचा चोथा दूध-साखर धुवून टाकल्यावर बादलीत घालावा, थेट कुंडीत घातला तर मुंग्या येतात. अंड्यांच्या टरफलांत मुख्यतः चुना असतो, आणि आपली काळी माती मुळातच चुनखडीची. तिला आणखी चुना कशासाठी द्यायचा? उलट या चुन्यामुळेच आपल्याकडे गुलाबाची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असते, पण चुन्याच्या मातीत झाडाला ते घेता येत नाही. तसे दिसले तर लिटरभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा हिराकस (फेरस सल्फेट) आणि चार थेंब लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा. फरशीवर पडला तर गंजाचे डाग जात नाहीत, म्हणून खाली वर्तमानपत्र पसरा.

किडीचा उल्लेख आपण केलेला नाही, पण थंडीत मावा आणि पिठ्या ढेकूण येणारच. पिठ्या ढेकूण कापसासारखा दिसतो. तो साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासून काढावा आणि मग लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल व थोडा पातळ साबण ढवळून ऊन उतरल्यावर फवारावे. झाडावर मुंगळ्यांची रांग दिसली की ती कुठे जाते ते पाहत जा. पिठ्या ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंगळे त्याची राखण करतात. रांगेच्या शेवटी कीड सापडते.

आता सोसायटीचे अध्यक्ष. बाई, त्यांचे म्हणणे अर्धे नव्हे, पाऊण खरे आहे. इमारतींवरच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ मध्ये, माणसांच्या वावराच्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो भार धरला जातो. ओल्या काळ्या मातीचे वजन लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते. आठ इंच खोलीचा वाफा गच्चीवर थेट केला तर एका चौरस मीटरवर दोनशे लिटर माती बसते, म्हणजे ३५० किलो. त्यामुळे गच्चीवर विटांचा वाफा बांधून त्यात निफाडची माती भरण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. आपल्या हलक्या मिश्रणाचा एक भरलेला क्रेट ओला असताना चाळीस-पंचेचाळीस किलोंचा होतो. असे तीन-चार क्रेट गच्चीच्या मधोमध न ठेवता, कठड्यालगत जिथे खाली बीम किंवा भिंत आहे तिथे, एकमेकांपासून अंतर राखून ठेवावेत. इमारत जुनी असेल तर एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या आणि त्यांचे मत अध्यक्षांना लेखी द्या, वाद तिथेच मिटेल.

झिरपण्याचे दुखणे मात्र बहुधा पाण्यापेक्षा कुंडी फरशीला चिकटून बसल्याचे असते. तिच्याखालची जागा वर्षभर ओली राहते, सांध्यांत मुळे शिरतात आणि वॉटरप्रूफिंग उखडते. प्रत्येक क्रेट आणि कुंडी दोन विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर उचलून ठेवा, खालून केरसुणी फिरली पाहिजे. खालच्या ताटल्यांतले पाणी आठवड्यातून एक दिवस ठरवून ओतून टाका. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी ज्याला कोरडा दिवस म्हणतात तो हाच, आणि डेंग्यूचा डास गॅलरीतल्या ताटलीतही वाढतो. गच्चीचे पावसाळी पाण्याचे तोंड पाचोळ्याने तुंबणार नाही हेही आपल्याकडेच आले. अध्यक्ष सर्वांत आधी तेच पाहतील.

राहिला कढीपत्ता. तो उपटण्याची घाई करू नका. खोडाची साल टोकाकडून सुरुवात करून नखाने जराशी खरवडत खाली या. आत तपकिरी आणि कोरडे लागले तर तेवढा भाग मेला आहे. जिथे ओलसर हिरवा पापुद्रा दिसेल, तिथून अर्धा इंच वर तिरका काप द्या. मग कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढा, काळी पडलेली, मऊ, वास येणारी मुळे कात्रीने छाटा, पांढरी राहू द्या, आणि नव्या मिश्रणात लावून दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवा. कढीपत्ता थंडीत हालचाल करत नाही, तेव्हा डिसेंबरात काही दिसले नाही म्हणून निराश होऊ नका आणि त्याला जास्त पाणीही घालू नका. फेब्रुवारीच्या अखेरीस बुंध्याजवळ तांबूस कोंब आला तर मला कळवा. हिरवा पापुद्रा पार मातीपर्यंत कुठेच सापडला नाही, तर मात्र खोड बारीक तोडून खताच्या बादलीत टाका.